कासारगल्लीचं पाणी

जलनाडीला राष्ट्रीय सन्मान जाहीर झाला त्या दुपारी डॉ. ज्योत्स्ना तायडेने केंद्रातल्या सगळ्यांना पेढे वाटले. ऋजुताला तर तिने आपल्या हाताने भरवला. फोटो काढणारा म्हणाला, "मॅडम, जरा हसा," तेव्हा ती हसलीही. घरी आल्यावर पर्समध्ये कागदात गुंडाळलेला तिच्या वाटचा पेढा सापडला. तो तिने कचऱ्याच्या डब्यात टाकला, वर झाकण लावलं, आणि आपल्याला कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून रिकाम्या स्वयंपाकघरात मागे वळून बघितलं.

जलनाडी हे यंत्र घडवणारी ऋजुता कानडे तिची विद्यार्थिनी. अकरा वर्षांपूर्वी, २०३२ साली, ती उंबरपेठच्या जलारोग्य संशोधन केंद्रात रुजू झाली तेव्हा तिला पाण्याचा नमुनासुद्धा धड घेता येत नव्हता. बाटलीच्या तोंडाला बोट लागायचं. बाटली कशी धरायची इथपासून ज्योत्स्नाने तिला शिकवलं. कोणाच्या घरी गेलं की आधी प्यायला पाणी मागायचं, हेही शिकवलं. तहान असो वा नसो, घरातली बाई पाणी ओगराळ्याने काढते की पेलाच बुडवते, बोटं पाण्याला लागतात का, माठावर झाकण आहे का, हे सगळं त्या एका पेल्यात कळतं.

ज्योत्स्नाची अठ्ठावीस वर्षांची कारकीर्द अशी लोकांच्या उंबऱ्यावर बसून घडली होती. तिने संडास मोजले. बांधलेले वेगळे आणि खरोखर वापरात असलेले वेगळे. साबणाच्या वड्या वजन करून घरोघर दिल्या आणि आठवड्याने जाऊन पुन्हा त्यांचं वजन केलं. तिच्या पाहणीमुळे शहरातल्या तीन वस्त्यांची गळकी पाइपलाइन बदलली गेली आणि तिथल्या मुलांचे जुलाब निम्म्यावर आले. त्याची बातमी कुठे छापून आली नाही. जे मूल आजारी पडलंच नाही, त्याचा फोटो काय काढणार?

जलनाडीचा फोटो मात्र छान यायचा. बोटभर लांबीची करड्या रंगाची पट्टी. प्रत्येक जंतूच्या जनुकांमध्ये त्याची अशी एक ओळ असते, माणसाच्या बोटांच्या ठशासारखी. या पट्टीवर अशी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, बसवलेली होती, की नेमकी ती ओळ समोर आली की ती तिला चिकटायची, आणि त्या चिकटण्याने पट्टीतून वाहणारा बारीकसा विद्युतप्रवाह बदलायचा. गटाराच्या चेंबरमध्ये पट्टी बसवली की काम झालं. माणूस तापाने फणफणण्याच्या किंवा पिवळा पडण्याच्या कितीतरी दिवस आधी त्याच्या शौचातून जंतू बाहेर पडू लागलेले असतात. म्हणजे आजाराची खबर आजाऱ्याच्या आधी गटाराला लागते, आणि आता ती गटाराकडून लगेच पडद्यावर येत होती. उंबरपेठच्या नकाशावर गल्ल्या हिरव्या असायच्या. जंतू सापडला की ती गल्ली लाल व्हायची. गेल्या वर्षी कॉलऱ्याची साथ सुरू होण्याआधीच विझवली गेली होती.

यंत्र चांगलं होतं. ज्योत्स्नाला ते मान्य होतं आणि तेच तिला सलत होतं. वाईट असतं तर तिने त्यावर चार लेख लिहिले असते आणि शांत झोपली असती. ऋजुता वाईट असती तरी चाललं असतं. पण ऋजुता प्रत्येक मुलाखतीत सांगायची, "मला पाणी बघायला तायडे मॅडमनी शिकवलं." ते ऐकलं की ज्योत्स्नाच्या जिवाची तगमग व्हायची. आपण त्या पोरीच्या गोष्टीतलं पहिलं वाक्य झालो, असं तिला वाटायचं. पुढची सगळी गोष्ट तिचीच.

येत्या बुधवारी अकरा वाजता राज्याची समिती केंद्रात येणार होती. जलनाडी सगळ्या शहरांत बसवायची, हे जवळजवळ ठरलेलंच होतं. मग घरोघर फिरणारा पाहणी विभाग हवाच कशाला, हा विषयपत्रिकेवरचा दुसरा मुद्दा. पाहणी विभाग म्हणजे ज्योत्स्ना आणि तिच्या सात कार्यकर्त्या.

त्याआधीच्या शनिवारी सकाळी गयाबाई सुरडकर तिच्या खोलीत आली. सातजणींतली ही सगळ्यांत जुनी. वीस वर्षांपूर्वी हातपंपावर ज्योत्स्ना बायकांना प्रश्न विचारत होती, तेव्हा एकीने उत्तर द्यायचं सोडून तिलाच उलट चार प्रश्न विचारले होते. ज्योत्स्नाने तिला तिथल्या तिथे कामावर घेतलं. ती गयाबाई.

"बाई, आमच्या गल्लीत दोघीजणींचे डोळे पिवळे दिसायलेत," खुर्चीवर टेकत ती म्हणाली. "एकीला तर फोडणीचा वास बी सहन होईना."

ज्योत्स्नाने नकाशा उघडला. कासारगल्ली हिरवीगार होती.

"यंत्रात तर काही नाही, गयाबाई."

"यंत्र आमच्या गल्लीत कधी आल्याचं मला तर आठवत नाय."

दोघी लगेच निघाल्या. कासारगल्ली इतकी अरुंद, की समोरून सायकल आली तर एकाने उंबऱ्यावर चढावं लागतं. नव्या गटाराची मोठी वाहिनी गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. आत खोदायला यंत्र शिरेना, म्हणून घरं जोडायची तशीच राहिली होती. कागदावर मात्र ती जोडलेली होती. बत्तीस घरांचे संडास अजून उंबऱ्याखालच्या जुन्या टाक्यांतच रिकामे होत होते. गल्लीच्या तोंडच्या चेंबरमधली पट्टी इमानाने काम करत होती, पण तिच्यापर्यंत पावसाच्या पाण्याशिवाय काही पोचतच नव्हतं. आणि गल्लीच्या मधोमध एक बोअरवेल होती, जिचं पाणी बत्तीसही घरं पीत होती. सर्वांत जवळची संडासाची टाकी तिच्यापासून पंधरा पावलांवर होती. ज्योत्स्नाने ती चालून मोजली.

तिने बोअरवेलचं पाणी घेतलं आणि केंद्रात आणून स्वतः तपासणीला लावलं. मदतनिसाला हात लावू दिला नाही.

सोमवारी संध्याकाळी पावणेसहाला निकाल आला. हिपॅटायटिस ई. दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ. बहुतेक माणसं महिन्याभरात उठून बसतात. पण गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तिने गाठलं तर पाचातली एक वाचत नाही.

ज्योत्स्नाला आधी आनंद झाला. पुढे कित्येक वर्षं तिने हा क्षण मनातल्या मनात उलटून पाहिला, आणि दरवेळी तिथे आधी आनंदच सापडला. राष्ट्रीय सन्मान मिळवणाऱ्या यंत्राच्या नाकाखाली साथ सुरू झाली होती, आणि ती सापडली होती एका बाईला, दुसऱ्या बाईचे पिवळे डोळे बघून.

तिने नगरपालिकेच्या आरोग्याधिकाऱ्याचा नंबर काढला. अंगठा पडद्यावर टेकवला नाही.

आत्ता कळवलं, तर तासाभरात ऋजुताला कळेल. उद्या संध्याकाळपर्यंत ती गल्ली जोडून घेईल, पट्टी बसवेल, आणि बुधवारी समितीला सांगेल की एक छोटी उणीव होती, ती आम्ही भरून काढली. 'आम्ही' म्हणेल. 'तायडे मॅडमच्या मदतीने' असंही म्हणेल. आणि बुधवारी अकरा वाजता आपण उभं राहून सांगितलं तर?

मध्ये एक मंगळवार होता. एक्केचाळीस तास आणि वर पाव तास. या विषाणूला अंगात मुरायला महिना लागतो, तिने स्वतःला समजावलं. लोक आठवडेच्या आठवडे हे पाणी पितायत. एक दिवसाने काय बिघडणार आहे? तिचं शास्त्र तिच्या बाजूने बोलत होतं, आणि शास्त्रावर तिचा आयुष्यभर विश्वास होता. तिने निकाल आपल्या नावाच्या कप्प्यात बंद केला, नळ्या निर्जंतुक करून धुतल्या, हात धुतले. वीस सेकंद, नखांच्या खालीसुद्धा.

घरी जाताना गयाबाईचा फोन आला.

"आला का हो बाई निकाल?"

"नाही अजून. बुधवारी येईल."

"मग तवर गल्लीत सांगू का, पाणी उकळून घ्या म्हणून?"

ज्योत्स्ना म्हणाली, "वरवर पाहिलं तर काही वाटत नाहीये मला. उगाच घाबरवू नका लोकांना. बुधवारी बघू."

"बरं," गयाबाई म्हणाली. वीस वर्षांत बाईंनी सांगितलेलं पाणी कधी वेगळं निघालं नव्हतं.

मंगळवारी दुपारी ऋजुता दारात येऊन उभी राहिली. बत्तीस वर्षांची, पण मॅडमच्या खोलीत अजून विचारल्याशिवाय बसत नसे.

"मॅडम, उद्या तुमचा विभाग बंद करू नका असं मी बोलणार आहे. मला पाहणी हवीय. यंत्राला सगळं कळत नाही."

ज्योत्स्नाच्या ओठावर ते आलं. कासारगल्ली, एवढा एक शब्द उच्चारला असता तरी पुरलं असतं.

"फक्त एक विनंती होती," ऋजुता पुढे म्हणाली. "गयाबाईंना माझ्या गटात घेऊ का? कुठे पट्टी बसवायची हे त्यांच्याइतकं कोणाला समजत नाही. मी सहज विचारलं त्यांना, तर म्हणाल्या, बाईंना विचारा. मनातून यायचंय त्यांना, असं वाटलं मला."

गयाबाईसुद्धा. ज्योत्स्नाला दोघींचं बोलणं दिसू लागलं: कुठेतरी चहाच्या टपरीवर, हसत, तिच्या पाठीमागे. तिने समोरचे कागद जुळवले, पुन्हा जुळवले.

"बघू," ती म्हणाली. "उद्याचं होऊ दे आधी."

बुधवार तिच्या मनासारखा पार पडला. ऋजुताने सादरीकरण केलं, नकाशा दाखवला, सगळं शहर हिरवं. समितीचे अध्यक्ष कौतुकाने मान डोलवत होते. मग ज्योत्स्ना उठली. तिने कासारगल्लीतल्या बोअरवेलचं चित्र लावलं, पंधरा पावलांचं अंतर दाखवलं, आणि शेवटी तपासणीचा निकाल.

"हा कधीचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"आज सकाळी हाती आला," ज्योत्स्ना म्हणाली.

ऋजुताचा चेहरा पांढराफटक पडला. तिने आधी काय केलं, तर फोन उचलला आणि दाराबाहेर जाऊन आरोग्याधिकाऱ्याला कळवलं. दुपारी एकच्या आत बोअरवेलला सील लागलं, गल्लीत टँकर उभा राहिला, घरोघर क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या गेल्या. संध्याकाळी परत येऊन ऋजुता सगळ्यांसमोर म्हणाली, "चूक माझी आहे. जोडण्यांच्या कागदावर मी विसंबले. मॅडम नसत्या तर काय झालं असतं, मला विचारही करवत नाही."

त्या दिवशी ज्योत्स्ना जेवली ते चवीने जेवली.

पुढचे तीन आठवडे तिला मुलाखती द्यायला वेळ पुरेना. पाहणी विभाग बंद झाला नाहीच, उलट मोठा होणार होता. कासारगल्लीत नऊ जणांना कावीळ झाली. सगळे आधीचं पाणी प्यायलेले, सगळे बरे होत होते. ती आकडे पाहायची आणि मनातल्या कोपऱ्यातली खुट्ट आवाज करणारी ती एक गोष्ट गप्प व्हायची. चौथा आठवडा लागला. गयाबाई चार दिवस कामावर आली नव्हती. ज्योत्स्नाने हजेरीपटावर ते पाहिलं होतं, फोन करायचा राहून गेला होता.

त्या शुक्रवारी ऋजुता आली. या वेळी विचारलं नाही, दार लावून घेतलं आणि समोर बसली.

"गयाबाईंची तेजल सरकारी दवाखान्यात आहे, मॅडम. कावीळ. सातवा महिना. परवापासून शुद्ध नाही."

"तेजल? ती तर परभणीला असते."

"पुढच्या महिन्यात येणार होती माहेरी. पाय सुजायला लागले म्हणून सासरच्यांनी लवकर आणून सोडली. मंगळवारी दुपारी आली." ऋजुताचा आवाज सपाट होता. "बुधवारी एक वाजता आपण पाणी बंद केलं. बाविसेक तास. तेवढंच पाणी ती प्यायलीय त्या गल्लीतलं. त्याच्या आधीही नाही, नंतरही नाही."

ज्योत्स्नाने मनातल्या मनात तास पुन्हा मोजले.

ऋजुताने पिशवीतून एक कागद काढून पुढे सरकवला. "ही साथ मला आधी का दिसली नाही, म्हणून मी महिनाभराच्या सगळ्या चेंबरच्या नोंदी काढल्या. आपल्या केंद्राच्या मागच्या चेंबरच्याही. प्रयोगशाळेचं सांडपाणी म्हणून तिथला इशारा बाजूला टाकला जातो, पण नोंद राहते. तपासणीत त्या विषाणूच्या ओळीच्या कोट्यवधी प्रती तयार होतात. नळ्या कितीही उकळल्या तरी तुकडे उरतात, आणि पट्टीला तुकडा पुरतो."

कागदावर एकच ओळ रंगवलेली होती. हिपॅटायटिस ई. सोमवार, सहा वाजून दहा मिनिटं.

"त्या दिवशी प्रयोगशाळेत तुम्ही एकट्याच होता," ऋजुता म्हणाली.

बाहेर कोणीतरी दुचाकी सुरू करत होतं. ती सुरू झाली, गेली.

"कोणाला दाखवलंस?"

"कोणालाच नाही. चार दिवस बॅगेत घेऊन फिरतेय. मला वाटत होतं, काहीतरी दुसरं कारण असेल. तुम्ही सांगा ना मॅडम, काही दुसरं कारण असेल तर."

ज्योत्स्नाला कारणं सुचली. पहिल्या निकालाची खात्री नव्हती, पुन्हा तपासायचं होतं. असं म्हटलं असतं तर ऋजुताने ते मानलं असतं. तिला मानायचंच होतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ज्योत्स्नाने त्या डोळ्यांकडे नीट पाहिलं असेल.

"नाही," ती म्हणाली. "दुसरं कारण नाही. मला तू हरलेली बघायची होतीस."

ऋजुता कागद तिथेच ठेवून उठली. "तो तुमच्याकडे राहू दे. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला यात काही ठरवायचं नाहीये."

ज्योत्स्नाने त्याच खुर्चीत बसून समितीला पत्र लिहिलं. सोमवारची तारीख घातली, पावणेसहाची वेळ घातली, निकाल रोखून ठेवला असं लिहिलं. कारणाच्या ओळीशी ती अडली. मग तिथे 'वैयक्तिक मत्सर' असे दोन शब्द लिहून पत्र पाठवून दिलं, आणि रिक्षा करून दवाखान्यात गेली.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर गयाबाई बसली होती. बाईंना पाहून ती उठू लागली.

"बसा," ज्योत्स्ना म्हणाली. आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. सोमवार, निकाल, फोन. कुठेही शास्त्र मध्ये आणलं नाही.

गयाबाईने ऐकून घेतलं. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मंगळवारी ती आली, तवा उन्हाची आली होती. दोन तांबे पाणी प्यायली. मी म्हणत होते उकळावं, पण म्हटलं बाई म्हणाल्यात काही नाय."

"हो."

"मीच दिलं तिला. माझ्या हातानं."

ज्योत्स्नाला तिच्या शेजारी बसायचं होतं, हात धरायचा होता. हिंमत झाली नाही.

"मला माफ करा, असं म्हणायलाही मी—"

"मला नका सांगू," गयाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी तुमची कामाची बाई. मी ऐकून घेईन, सवय हाय मला. तिला सांगायचं. बसा इथं. ती शुद्धीवर येईपर्यंत बसा. आली तर तुम्ही सांगायचं, आणि नाय आली तरी तुम्हीच सांगायचं, तिच्या नवऱ्याला."

ज्योत्स्ना बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

ती पाच दिवस बसली. अंघोळीपुरती घरी जायची. दुसऱ्या दिवशी केंद्रातून पत्र आलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिने कामावर येऊ नये, पाहणी विभागाची जबाबदारी डॉ. कानडे यांच्याकडे. तिने ते वाचून घडी घातली. तिसऱ्या दिवशी पहाटे तेजलला मुलगी झाली. ती रडली नाही. नर्सने बाळ पांढऱ्या कापडात बाहेर आणलं तेव्हा गयाबाईने ते घेतलं, आणि ज्योत्स्नाकडे पाठ करून बसली.

त्याच दुपारी ऋजुता आली. गयाबाईने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. बाकाच्या टोकावरून ज्योत्स्नाने ते पाहिलं, आणि तिच्या छातीत तीच ओळखीची कळ उठली. वीस वर्षं मी हिच्याबरोबर फिरले, हिने माझ्यापाशी कधी डोळ्यांतून पाणी काढलं नाही. इथेसुद्धा, मेलेल्या बाळाच्या दिवशीसुद्धा, तिला हेवा वाटला. तिने तो वाटू दिला. नाकारायला आता तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. ऋजुता जाताना तिच्यापाशी थांबली, चहाचा कागदी पेला तिच्या शेजारी ठेवला, आणि निघून गेली.

पाचव्या दिवशी सकाळी ज्योत्स्ना अंघोळ करून परतली, तेव्हा तेजल शुद्धीवर आली होती. साडेनऊला नर्स बाहेर आली. "पेशंट आता बोलतेय. पुन्हा एकालाच आत सोडते."

ज्योत्स्नाने गयाबाईकडे पाहिलं. गयाबाईने दाराकडे हात केला.

"बाळाचं मी सांगितलं तिला मघाशी, तुम्ही घरी गेला होता तवा," ती म्हणाली. "बाकीचं तुमच्याकडं हाय."

आत तेजल उशीला टेकून पडली होती. डोळ्यांचं पांढरं अजून हळदीसारखं होतं. तिने ज्योत्स्नाला ओळखलं. लहानपणी आईबरोबर पाहणीला यायची ती.

"मावशी," ती म्हणाली. "तुम्ही पाच दिवस इथंच होता म्हणे. आईनं सांगितलं का तुम्हाला, बाळाचं?"

"सांगितलं." ज्योत्स्नाने स्टूल ओढलं, तिच्या अगदी समोर ठेवलं आणि बसली. "तेजल, मी तुला काही सांगायला आलेय. सगळं ऐकून घे आणि मग मला हाकललंस तरी चालेल. तू माहेरी आलीस त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, संध्याकाळी पावणेसहा वाजता मला कळलं होतं की त्या पाण्यात विष आहे."

तेजल तिच्याकडे बघत राहिली. ज्योत्स्नाने नजर न काढता पुढचं वाक्य सुरू केलं.